चुकीचा प्रश्न, बरोबर उत्तर

गेले तीन वीकेंड गावाकडे होतो, त्यामुळे लिखाणाला सुट्टी. (मॅनेजरला 'घरी काम आहे' असं सांगितलं आणि या वेळी ते चक्क खरं होतं!) गाव नगर जिल्ह्यातलं. २०२४ पासून सरकारदरबारी जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण हिंजवडीतून निघताना तोंडात येतं ते 'नगरला चाललोय' हेच. तालुका मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे कळेलच.

तर कारण होतं वहिनी. वहिनींना सातवा महिना लागला होता आणि दादा कामासाठी बाहेरगावी. त्यामुळे त्यांना तपासणीला नेण्याची ड्यूटी माझ्याकडे. रांग मोठी होती. आमचा नंबर आल्यावर सिस्टरांनी वजन केलं, बीपी बघितलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं, "काही व्यसन वगैरे?"

वहिनी म्हणाल्या, "नाही."

रजिस्टरमध्ये टिक झाली. पुढची बाई आत.

मी शेजारीच उभा होतो. वहिनींच्या पिशवीत फाइल, पाण्याची बाटली आणि रुमालाच्या गाठीत एक छोटी डबी होती. त्या डबीत होती मिश्री.

ज्यांचं बालपण शहरात गेलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, मग कुटून त्याची पूड करायची आणि ती बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायची. आमच्याकडे मिश्री म्हणतात, मुंबई-कोकणात मशेरी. सकाळी उठल्या उठल्या एकदा, मग जेवण झाल्यावर, मग दुपारी शेतातून आल्यावर... आमच्या आजीने मिश्री भाजायला घेतली की तो ठसका माडीवरपर्यंत यायचा. लहानपणी आमचा तोच गजर होता!

आता गंमत बघा. वहिनी खोटं बोलल्या का? अजिबात नाही. व्यसन म्हणजे दारू, गुटखा, बिडी, थोडक्यात पुरुषमंडळी जे करतात ते. मिश्री म्हणजे दात घासणं. दात घासण्याला कुणी व्यसन म्हणतं का? प्रश्न चुकीचा होता, उत्तर बरोबर होतं आणि रजिस्टरमध्ये गेलेली माहिती साफ खोटी. आमच्या धंद्यात याला म्हणतात टेस्ट पास झाली, बग तसाच राहिला.

त्याच केंद्राच्या भिंतीवर एक पोस्टर होतं, 'गरोदरपणात धूम्रपान टाळा'. चित्रात सिगारेट आणि त्यावर लाल फुली. ते बघून आमच्या भागातली कुठलीही बाई शांतपणे म्हणेल, "आपण कुठं ओढतोय?" आणि तिचं बरोबरच आहे. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढ बायकांपैकी धूम्रपान करणाऱ्या निघाल्या १.४ टक्के. पण धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या (मिश्री, खाण्याची तंबाखू वगैरे) निघाल्या १६.६ टक्के. म्हणजे साधारण सहा बायकांत एक! पोस्टर त्या दीड टक्क्याशी बोलतंय आणि बाकीच्या सगळ्या समोर रांगेत बसल्यात.

"पण मिश्रीने एवढं काय होतं?" असं मलाही वाटायचं. म्हणून शनिवारी रात्री बसून वाचून काढलं. डॉ. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास केला होता, तो २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मिश्रीवाल्याच. बाकीच्या गोष्टींचा हिशोब करूनही त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. २००६ साली त्याच कामातून पुढचा लेख आला, तो जास्त घाबरवणारा आहे. पोटातच मूल दगावण्याचा धोका अशा बायकांमध्ये अडीच पटींच्या आसपास होता. पुढे २०१० मध्ये खास मिश्रीवरच एक अभ्यास आला. त्यात मिश्री लावणाऱ्या आयांच्या बाळांच्या वजनातला फरक १७० ग्रॅमच्या घरात होता, पण ज्यांनी गरोदरपणातच मिश्री सोडली किंवा कमी केली त्यांना फायदा झालेला दिसला. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

१०५ ग्रॅम म्हणजे काय, बिस्किटाचा पुडा! असं वाटू शकतं. पण अडीच किलोच्या खालचं बाळ 'कमी वजनाचं' धरतात आणि आपल्याकडची कितीतरी बाळं त्या रेषेच्या आजूबाजूलाच जन्मतात. सगळ्यांना थोडं थोडं खाली ढकललं की रेषेखाली जाणाऱ्यांची संख्या बरीच वाढते. निकोटिन हिरड्यांतून रक्तात, रक्तातून वारेपर्यंत आणि तिथून बाळाकडे जातं. रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला मिळणारा पुरवठा कमी होतो. धूर नाही म्हणून कार्बन मोनॉक्साइड नाही, एवढाच काय तो फरक. उलट तंबाखू भाजल्यामुळे त्यात कॅन्सरला कारण ठरणारी काही रसायनं वाढतात.

वहिनींचं पहिलं बाळ, आमची छकुली, २१०० ग्रॅमची होती. ते मिश्रीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. एका बाळावरून तसं कुणालाच सांगता येत नाही. पण त्या नऊ महिन्यांत वहिनींना एकदाही कुणी 'मिश्री लावता का?' असं विचारलं नव्हतं, हे मात्र त्यांनीच मला सांगितलं.

आता माझा मूर्खपणा. हे सगळं वाचून रविवारी सकाळी मी ओट्यावर वहिनींना गाठलं आणि लेक्चर दिलं. आकडे, टक्के, कॅन्सर, सगळं. वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बरं भाऊजी, नाही लावणार." आजी मात्र आतून कडाडली, "आरं, मला सहा लेकरं झाली, समदी मिश्रीवरच! कुठं काय झालं?" (आजी, त्यातली दोन गेली होती गं. पण हे तिच्या तोंडावर कोण बोलणार?)

पुढच्या शनिवारी गेलो तर डबी रुमालात नव्हती. मी खूश! मग छकुलीनेच सांगितलं की आईची डबी आता गोठ्यात असते. म्हणजे माझ्या लेक्चरने मिश्री सुटली नाही, फक्त जागा बदलली. आणि आता ती कमी करायची म्हटलं तरी वहिनी माझ्याशी बोलणार नव्हत्या, कारण ती त्यांनी 'सोडलेली' होती!

कोंडी फोडली ती आशाताईंनी. त्या दुपारी आल्या, जमिनीवर बसल्या, पाणी प्यायल्या, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग सहज विचारलं, "मिश्री किती वेळा लावतीस गं दिवसातनं?" 'लावतेस का' असं नाही, 'किती वेळा'. वहिनी पटकन म्हणाल्या, "पाच." संपलं! जे रजिस्टरला, पोस्टरला आणि एका बी.ई. कॉम्प्युटरला जमलं नाही ते एका शब्दाने झालं.

मग ताईंनी दुसरा प्रश्न विचारला, "कशासाठी लावतीस?" तेव्हा कळलं की दाढ दुखते. आणि मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, त्यात लोहाच्या गोळ्यांनी जास्तच त्रास होतो. आता बघा, लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं हे सगळ्या डॉक्टरांना माहीत आहे. म्हणजे गोळ्या आपणच द्यायच्या, त्यांच्या त्रासावर बाईने घरचा उपाय म्हणून मिश्री वाढवायची आणि आपण रजिस्टरमध्ये लिहायचं 'व्यसन नाही'. गोळ्या बंद करायच्या नाहीतच, त्या हव्याच. पण पाणी, पालेभाजी आणि डॉक्टरांना विचारून पोटासाठी काहीतरी, हे सांगायला किती वेळ लागतो? दाढ दुखत असेल तर ती दाखवायला हवी. हे झाल्याशिवाय 'सोडा' म्हणणं म्हणजे रस्ता दुरुस्त न करता स्पीडब्रेकर टाकणं.

ताईंनी आजीलाही बोलवून घेतलं. "तुमचं वय झालं, तुम्ही लावा. पण भाजायची ती ही मळ्यात गेल्यावर भाजा, आणि हिच्यासमोर डबी उघडू नका." आजी फुरंगटली, पण ऐकलं. ताई स्वतः पूर्वी मिश्री लावायच्या, हे त्यांनीच हसत सांगितलं. माझ्या मते अर्धं काम तिथेच झालं.

खरं तर आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गरोदर बाईने काय खावं, बाळंतपण कसं करावं हे शेजारच्याच बाईने सांगितलं की पटतं, हे जामखेडने दाखवून दिलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००५ पासून देशभर 'आशा' आल्या, त्यामागे अशाच कामांचा अनुभव होता. म्हणजे ज्या जिल्ह्याने हे जगाला शिकवलं, तिथेच आपण बाईला सिगारेटचं पोस्टर दाखवतोय!

मग करायचं काय? माझं म्हणणं सोपं आहे. इंग्लंडमध्ये गरोदर बाई पहिल्या तपासणीला आली की श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. सिगारेट ओढणारी त्यात लगेच कळते आणि तिला मदतीला पाठवतात. आपल्याकडे मिश्रीला धूरच नाही, त्यामुळे ते यंत्र आणून उपयोग शून्य. आपलं यंत्र म्हणजे प्रश्न, आणि तो नीट विचारला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच सांगितलंय की प्रत्येक गरोदर बाईला तंबाखूबद्दल लवकरात लवकर आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला विचारा, आणि सोडायला बोलून आधार द्या. फक्त आपल्याकडे तो प्रश्न 'काही व्यसन?' असा न विचारता 'मिश्री दिवसातून किती वेळा?' असा विचारायचा. मग 'कशासाठी?' आणि पुढच्या वेळी 'आता कितीवर आली?' एवढंच.

महाराष्ट्रात आता जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे ती बाई कधी ना कधी आपल्यासमोर येतेच. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथल्या रांगेत तासभर बसलेल्या बायकांशी हे बोलता येईल. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना तर कारखान्यावर निघण्याआधीच गाठायला हवं, नंतर त्या फडात आणि आपण रजिस्टरात.

कायद्याने हे होईल असं मला वाटत नाही. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून. पण घरच्या तव्यावर कुठला इन्स्पेक्टर येणार? तंबाखूच्या पुड्यावर १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा फोन नंबर छापलेला असतो. चांगली सोय आहे. पण आमच्याकडे तंबाखू सुटी येते, कागदात बांधून. नंबर छापायला पुडाच नाही!

आणि आशाताईंवर अजून एक काम? हा आक्षेप मला मान्य आहे. त्यांना आधीच डझनभर रजिस्टरं आणि मोबदला कामागणिक. म्हणून कृपा करून यासाठी नवीन अ‍ॅप काढू नका (मी अ‍ॅपच बनवतो, तरी सांगतोय :) ). असलेल्या रजिस्टरमधला एक निरुपयोगी प्रश्न काढून तिथे उपयोगी प्रश्न घाला. आणि त्या बोलण्याला काम समजून त्याचे पैसे द्या.

वहिनी सध्या पाचवरून एकवर आल्यात. सकाळची ती एक काही सुटत नाही. ताई म्हणतात, "सुटंल, घाई करू नका." बाळ यायला अजून दीड महिना आहे. मी आता काहीच बोलत नाही, फक्त दाढेच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आणि गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय.

तुमच्याही गावाकडे कुणी वहिनी, मामी, बहीण गरोदर असेल तर या रविवारी फोन करा. फक्त माझ्यासारखं लेक्चर देऊ नका. आधी दाढ दुखते का ते विचारा.