साधन सुलभ झाले, जबाबदारीचे काय?

प्रसिद्धीचे साधन ज्याच्या त्याच्या हाती गेले की लेखनाचा दर्जा घसरतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याचा मुलगा आज बांधावर बसून मोबाईलवर चार ओळी लिहितो आणि क्षणार्धात त्या शेकडो लोकांपुढे ठेवतो. त्यावर नाक मुरडणाऱ्यांच्या तक्रारीत तथ्य किती आणि मिरासदारी गमावल्याचे दुःख किती, हे तपासले पाहिजे.

इतिहासाची साक्ष तक्रारकर्त्यांच्या बाजूने नाही. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली नगर जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यातून 'दीनमित्र' काढले आणि वृत्तपत्र ही शहराचीच मक्तेदारी नव्हे हे दाखवून दिले. १९५० च्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांचे 'शब्द' सायक्लोस्टाईलवर निघत असे. त्याच चित्र्यांच्या कवितेला १९९४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ग्रामोफोनच्या तबकडीवरून आधीच घरोघर पोचली होती. त्याच नावाचा संग्रह १९५४ साली आला. तबकडीने त्या कवितेचा कस वाढवला नाही, तसा घटवलाही नाही.

तरीही तक्रारीतला एक अंश खरा आहे. जुनी साधने कष्टाची होती आणि त्या कष्टांतच एक शिस्त दडलेली होती. स्टेन्सिल कापल्यावर चूक दुरुस्त करणे जिकिरीचे, म्हणून मजकूर आधीच पुन्हा वाचला जाई. छापखान्यात खिळे जुळवणारा आणि मुद्रिते तपासणारा, असे दोघे लेखकाच्या नकळत त्याचे पहिले वाचक होत. नव्या साधनाने दारावरचा पहारेकरी हटवला, हे इष्टच झाले. पण त्याबरोबर हे दुसरे डोळेही गेले. सोयाबीनच्या भावाविषयी किंवा पीकविम्याविषयी न तपासलेला मजकूर फिरतो, तेव्हा साहित्याची हानी गौण ठरते. भुर्दंड पडतो तो त्यावर विसंबणाऱ्या अल्पभूधारकाला.

यावर उपाय साधन हिरावून घेण्याचा नाही. गेलेली शिस्त कार्यकर्त्यांनी स्वेच्छेने परत आणली पाहिजे. जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत, लिहिलेला मजकूर बाहेर पडण्यापूर्वी दुसऱ्या एका सहकाऱ्याने वाचावा. भाव दिला असेल तर बाजार समिती व तारीख द्यावी. शासकीय निर्णयाचा दाखला असेल तर मूळ निर्णय पाहावा. चूक आढळल्यास मूळ मजकूर जिथे गेला तिथेच दुरुस्ती पोचवावी.

लिहिण्याचा हक्क पिढ्यान्पिढ्या ज्यांना नाकारला गेला, त्यांच्या पहिल्या ओळी ओबडधोबड असतील. त्या ओबडधोबड आहेत म्हणून त्यांचे तोंड बंद करणे हा अन्याय होय. आणि त्या तशाच राहू देणे ही त्यांच्याशी केलेली प्रतारणा होय.