विलीनीकरण करायचेच, तर उलट दिशेने

ब्रिटनच्या अंतराळ संस्थेचे, म्हणजे यूके स्पेस एजन्सीचे, विज्ञान-तंत्रज्ञान खात्यात विलीनीकरण करण्याचा निर्णय तिथल्या सरकारने ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केला. नाव राहणार, वेगळे अस्तित्व जाणार. एकाच कामासाठी दोन ठिकाणी माणसे नकोत आणि निर्णयांवर मंत्र्यांची थेट देखरेख हवी, ही त्यामागची कारणे.

पहिले कारण खोटे नाही. धोरण खात्यात ठरते, त्यावरच्या टिपण्या संस्थेतही तयार होतात. त्यात वेळ आणि पैसा जातो. पण दोहोंपैकी एकच ठेवायचे, तर टिकाऊ कोणते ते आधी पाहावे. संस्था २०१०मध्ये स्थापन झाली, तेव्हा ती उद्योग आणि कौशल्यांच्या खात्याकडे होती. ते खाते २०१६मध्ये मोडले. त्याच्या जागी आलेले २०२३मध्ये मोडले. आज जे खाते संस्थेला पोटात घेत आहे, ते निर्णयाच्या वेळी जेमतेम अडीच वर्षांचे होते. उद्याच्या पंतप्रधानांनी खात्यांची पुन्हा फेरमांडणी केली, तर अंतराळाचे काम कोणत्या टेबलावर जाईल?

देखरेखीचा मुद्दा तर मुळातच लंगडा आहे. संस्था आधीपासून मंत्र्यांनाच उत्तरदायी होती. शिवाय मंत्री किती काळ टिकतात? विलीनीकरण जाहीर करणारे राज्यमंत्री ख्रिस ब्रायंट आणि त्यांचे वरिष्ठ पीटर काइल, दोघेही सप्टेंबरच्या फेरबदलात, महिना उलटायच्या आत, व्यापार खात्यात गेले. आता स्टीव्हनेजमध्ये बांधलेली ‘रोझलिंड फ्रँकलिन’ ही मंगळगाडी पाहा. उड्डाण २०१८मध्ये व्हायचे होते. ते २०२०वर गेले, मग २०२२वर. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर रशियन भागीदारी तुटली, आणि आता २०२८ची वाट पाहिली जाते आहे. एवढ्या अवधीत किती सरकारे आली-गेली! अशा कामाची स्मृती सांभाळणारी एक जागा लागते, आणि ती बदल्यांच्या यादीवर चालणाऱ्या कार्यालयात तयार होत नाही.

विखुरलेल्या व्यवस्थेचा अनुभव ब्रिटनने घेतलेला आहे. १९८५मध्ये निघालेल्या राष्ट्रीय अंतराळ केंद्राकडे समन्वयाचे काम होते, पैसा मात्र निरनिराळ्या खात्यांच्या आणि संशोधन परिषदांच्या हाती. सरकारने निधी वाढवायला नकार दिला, तेव्हा केंद्राचे पहिले प्रमुख रॉय गिब्सन यांनी १९८७मध्ये राजीनामा दिला. त्याआधीची गोष्ट तर अधिक चटका लावणारी. ‘ब्लॅक ॲरो’ हा अग्निबाण सरकारने जुलै १९७१मध्ये रद्द केला, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच अग्निबाणाने ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा इथून ‘प्रॉस्पेरो’ उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. कमावलेली विद्या सरकारने अशी हातची घालवली.

यावर कोणी म्हणेल, भारताची इस्रोही सरकारी विभागाखालीच आहे, तिचे काय बिघडले? हा दाखला नीट तपासला, तर तो विलीनीकरणाच्या विरुद्धच जातो. १९७२मध्ये इस्रोला एखाद्या जुन्या खात्यात ढकलले नाही. या कामासाठी स्वतंत्र अंतराळ विभाग आणि अंतराळ आयोग निर्माण केले. इस्रोचा अध्यक्षच विभागाचा सचिव आणि आयोगाचाही अध्यक्ष असतो, आणि विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत असतो. मुख्यालय दिल्लीत नाही, बंगळुरूत आहे. सतीश धवन यांनी इस्रोची जबाबदारी घेतानाच तसा आग्रह धरला होता. म्हणजे तिथे शास्त्रज्ञाला सचिवाची खुर्ची मिळाली. ब्रिटनमध्ये संस्थेच्या प्रमुखाला खात्याच्या उतरंडीत बसवले जात आहे.

दुहेरी काम थांबवायचेच असेल, तर खात्यातली अंतराळ धोरणाची माणसे संस्थेत पाठवावीत. संस्थेला संसदेच्या कायद्याचा आधार द्यावा, म्हणजे एका घोषणेने ती मोडता येणार नाही. युरोपीय अंतराळ संस्थेला दिल्या जाणाऱ्या वर्गणीसह तिचा निधी अनेक वर्षांसाठी एकदम मंजूर करावा, आणि प्रमुखाने दरवर्षी संसदीय समितीपुढे स्वतः उभे राहून त्याचा हिशेब द्यावा.