अँजिओप्लास्टीची सुरक्षितता आणि वैद्याची चिठ्ठी

नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील बोरीसणा या गावी एका खासगी रुग्णालयाने मोफत तपासणी शिबिर भरविले. तेथून १९ ग्रामस्थांना अहमदाबादला नेऊन त्यांची अँजिओग्राफी करण्यात आली, ७ जणांची अँजिओप्लास्टी झाली आणि त्यांपैकी दोघे दगावले. शासकीय आरोग्य योजनेचे पैसे मिळविण्यासाठी गरज नसताना हे केल्याचा आरोप झाला, अटकाही झाल्या. पुढच्याच महिन्यात गुजरात शासनाने योजनेचे नियम कडक केले. ज्या केंद्रात हृदयशस्त्रक्रियेचीही सोय आहे त्यालाच हृदयरोगासाठी मान्यता, आणि मंजुरीपूर्वी अँजिओग्राफीचे चित्रण सादर करणे, या त्यातील प्रमुख अटी होत.

या घटनेवर आपल्या व्यवसायबंधूंमध्ये ‘आम्ही म्हणतच होतो’ असा जो सूर उमटला, तो आम्हांस मान्य नाही. आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी १९७७ साली झुरिच येथे जागृत रुग्णाच्या हृदयवाहिनीत प्रथम फुगा फुगविला. तेव्हापासून या कर्माने असंख्य जीव वाचविले आहेत. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात बंद वाहिनी शक्य तितक्या लवकर उघडणे यास आज पर्याय नाही. छातीत कळ व अंगास दरदरून घाम घेऊन आलेल्या रुग्णास अर्जुनक्षीरपाक लिहून घरी पाठविणारा वैद्य त्या शिबिरवाल्यांहून कमी दोषी ठरत नाही.

झटका नसलेल्या, चालल्यावर छाती दुखून विश्रांतीने थांबणाऱ्या रुग्णाची गोष्ट वेगळी. ३७ देशांतील ५ हजारांहून अधिक रुग्णांवरील ‘इस्केमिया’ हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. औषधोपचाराला सुरुवातीसच स्टेंट वा बायपासची जोड दिल्याने मृत्यू कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. छातीदुखीस आराम मात्र अधिक मिळाला. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असलेले व हृदयाची शक्ती फार खालावलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते, हेही ध्यानी ठेवावे. तात्पर्य, अशा स्थिर रुग्णास कोणी ‘आजच टाकून घ्या’ म्हणाले, तरी दुसरे मत घेण्याइतका वेळ बहुधा असतो. हे त्यास समजावून सांगणे आपले काम आहे.

सुश्रुताचार्यांनी कर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले. प्रधानकर्म कॅथलॅबमध्ये होते, तेथे आपला संबंध नाही. उरलेल्या दोहोंचा बराच भाग मात्र आपल्या दवाखान्यात घडतो, आणि त्याविषयी आपल्या सभा-संमेलनांतून कोणी बोलत नाही.

अँजिओग्राफीत वापरले जाणारे आयोडीनयुक्त द्रव्य वृक्कांवाटे बाहेर पडते. मधुमेही, वृद्ध, क्रिएटिनिन वाढलेला आणि शरीरातील जलांश घटलेला, अशा रुग्णांच्या वृक्कांस त्याने इजा होण्याचा संभव अधिक असतो. म्हणूनच आधी क्रिएटिनिन तपासतात व गरजेप्रमाणे शिरेतून द्रव देतात. ज्याची अँजिओग्राफी चार दिवसांवर आली आहे त्यास विरेचन देणे, अथवा मूत्रल कल्प भरपूर मात्रेत चालू ठेवणे, हे या दृष्टीने उलटे कर्म होय. ‘जाण्याआधी शरीरशुद्धी करून घ्यावी म्हणतो’ असा रुग्णाचा आग्रह असतो. तो मोडून काढावा. यष्टिमधु मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो, आणि पोटॅशियम घटलेल्या हृदयाची गती बिघडण्यास निमित्त पुरते. लसूण व गुग्गुळ यांचा प्लेटलेटवर परिणाम नोंदविला गेला आहे. अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल चालू असताना त्यांचे कल्प विचार करूनच द्यावेत. हृदय, बस्ती व शिर ही चरकसंहितेतील त्रिमर्मे. कॅथेटर हृदयात जातो, भार मूत्रवह संस्थेवर पडतो आणि एखादी गुठळी निसटली तर ती शिराकडे जाते. (यावरून प्राचीनांस कॅथेटर ठाऊक होता असे सिद्ध करणारा लेख कोणी लिहू नये, ही विनंती.)

रुग्ण आपली औषधे रुग्णालयात सांगत नाही, कारण तेथे बोलणी बसतील अशी त्यास भीती असते. तेथील डॉक्टर विचारत नाहीत. म्हणून वैद्याने आपल्या कागदावर कल्पाचे नाव, मात्रा, किती दिवसांपासून चालू आहे आणि त्यात रसौषधी आहे काय, हे स्वच्छ अक्षरात लिहून रुग्णाच्या फाईलमध्ये ठेवावे. ज्याचे घटक लिहून देता येत नाहीत असा गुप्त योग हृद्रोग्यास देऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पश्चात्कर्मात तर आपल्या हातून जिवावर बेतू शकते. स्टेंटनंतर गुठळी न होण्यासाठी दोन औषधांची जोडी दिली जाते. ती साधारणतः सहा महिने, आणि झटका येऊन गेला असल्यास बहुधा वर्षभर चालते. ती अवेळी थांबविल्यास स्टेंट गुठळीने बंद होऊ शकतो. ‘या गोळ्यांनी पित्त वाढते, महिनाभर बंद ठेवा’ हे वाक्य वैद्याच्या तोंडी येता कामा नये. पित्ताचा त्रास असेल तर हृदयरोगतज्ज्ञास दूरध्वनी करावा. क्षारसूत्र, जलौकावचारण, सिरावेध या कर्मांपूर्वी ‘हृदयात स्टेंट आहे काय?’ हा प्रश्न केसपेपरवर छापलेलाच असावा. कॅथेटर मांडीच्या सांध्यातून घातला असेल तर तेथील व्रण पूर्ण भरेपर्यंत अभ्यंग-मर्दन टाळावे. तेथे वाढणारी सूज, काळे शौच वा लघवीचे प्रमाण घटणे यांपैकी काही दिसल्यास रुग्णास त्वरित परत पाठवावे.

रुग्णालयांकडूनही काही मागण्याचा आपणांस अधिकार आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, ते योग्यच झाले. परंतु कोणत्या रुग्णालयात किती अँजिओप्लास्टी झाल्या व किती रुग्ण दगावले, हे आपल्याकडील सामान्य माणसास कळत नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याचे आरोग्य खाते रुग्णांच्या आजाराची तीव्रता हिशेबात धरून असे रुग्णालयनिहाय अहवाल प्रसिद्ध करते. त्यामुळे काही डॉक्टर अत्यवस्थ रुग्ण टाळतात अशी टीका तेथे झाली, ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. तरीही अंधारापेक्षा ते बरे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांपासून ही सुरुवात व्हावी, असे निवेदन आपल्या संघटनेने शासनास द्यावे. दरम्यान प्रत्येक शाखेने आपल्या जिल्ह्यातील हृदयरोग केंद्रांना एक पत्र धाडावे, आणि डिस्चार्ज कार्डासोबत अँजिओग्राफीची सीडी, स्टेंटचे नाव व क्रमांक आणि दोन्ही गोळ्या कोणत्या तारखेपर्यंत घ्यायच्या हे मराठीत लिहून मागावे. वैद्याच्या चिठ्ठीचा छापील नमुना त्याच पत्रासोबत जोडता येईल.