एका अर्ध्या ‘र’ची कसोटी

बोदवडच्या शेजारी, मुक्ताईनगर तालुक्यात, कुऱ्हा नावाचे गाव आहे. शाळकरी मूलही हे नाव सहज वाचील. संगणक मात्र तेथे अडखळू शकतो. कारण या नावातील अर्धा ‘र’ युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत स्वतंत्र क्रमांक लाभलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडतात, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. कागदावर रूप एकच. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दाचीही हीच गत. दोन्ही रूपे एकच मानण्याची तजवीज प्रणालीत नसेल, तर एका रीतीने नोंदलेले गाव दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्यास ‘नोंद नाही’ एवढेच उत्तर मिळणार.

हा केवळ मराठीचा रुसवा मानण्याचे कारण नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये तेलुगूतील एक जोडाक्षर अशाच अदृश्य चिन्हासह संदेशात आले की आयफोनवरील प्रणाली बंद पडत असे. त्याच महिन्यात दुरुस्ती झाली. पण दोष अक्षरात नव्हता, ते मांडणाऱ्या आज्ञावलीत होता. नोव्हेंबर 2021 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या निकोलस बाउचर व रॉस अँडरसन यांनी याहून गंभीर गोष्ट दाखवून दिली. लेखनाची दिशा बदलणारी अदृश्य चिन्हे पेरली, तर आज्ञावली तपासणाऱ्याला एक क्रम दिसतो आणि यंत्र दुसराच पाळते. पायथॉन या भाषेत देवनागरी नावे चालतात, परंतु त्यांत ते जोडचिन्ह आले की ती नाव नाकारते. गुपचूप चुकीचे उत्तर देण्यापेक्षा असा स्पष्ट नकार केव्हाही बरा.

सातबारा, पीकविमा, अनुदानाच्या याद्या हे सारे आता संगणकावर आहे. यंत्राने नाव ओळखले नाही, तर हेलपाटे शेतकऱ्याला पडतात. प्रणाली रचणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. म्हणून इंग्रजी नावांवर चाचणी उरकून प्रणाली तालुक्याच्या कचेरीत पाठविण्याची रीत थांबली पाहिजे. अशी विचित्र भासणारी अक्षरे प्रणालीची शत्रू नव्हेत. लपलेला दोष तीच उजेडात आणतात. दोन्ही रीतींनी लिहिलेले ‘कुऱ्हा’ जी प्रणाली एकच गाव म्हणून ओळखील, तीच महाराष्ट्रात वापरण्यास योग्य मानावी. लिपीने यंत्रापुढे वाकावे, ही अपेक्षा कोणी धरू नये.