उद्याची वीज कोण बनवणार?

दरवर्षी १६ ऑक्टोबरला आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जमतो. १९५६ साली याच दिवशी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. त्याच चंद्रपुरात २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. वीज साऱ्या राज्याला, राख आणि धूर मात्र आपल्याला!

वीज हा बाबासाहेबांचाही विषय होता. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी मांडले की, वीज स्वस्त आणि मुबलक झाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि दारिद्र्य हटणार नाही.

आज कोळशाला पर्याय म्हणून जग अणुसंलयनाकडे, म्हणजे फ्यूजनकडे पाहते आहे. त्यातला एक मार्ग असा: त्वरक यंत्रातून आयनांचे झोत इंधनाच्या बारीक गोळीवर सगळीकडून मारायचे. त्यासाठी लागते पल्स्ड पॉवर. आपल्या मामा तलावात पावसाळाभर पाणी साठते. ते सगळे एका क्षणात सोडले तर? तसेच कॅपॅसिटरमध्ये वीज सावकाश साठवायची आणि सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात सोडायची. सगळे झोत एकाच वेळी पोचले नाहीत तर गोळी वेडीवाकडी दबते, प्रयोग फसतो. शिवाय वीज केंद्र चालवायचे तर असे मारे सेकंदाला अनेकदा, वर्षानुवर्षे करावे लागतील. तेवढे टिकणारे, अचूक आणि तरीही परवडणारे स्विच बनवणे, हीच खरी अडचण आहे. म्हणजे प्रश्न पुन्हा बाबासाहेबांचाच: वीज स्वस्त होणार का?

कार्यकर्ते म्हणतील, भामरागडच्या टोल्यावर लाईट टिकत नाही आणि तुम्ही फ्यूजनच्या गोष्टी सांगता? टोल्यावरच्या लाईटसाठी तर लढायचेच. पण कोळशाचे निर्णय झाले तेव्हा त्या टेबलावर आपण नव्हतो. पुढच्या वेळीही नसणार का?

हे काम आपल्याकडे होते कुठे? पल्स्ड पॉवरवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने 'काली-५०००' हा इलेक्ट्रॉन त्वरक उभारला. फ्यूजनवर गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था काम करते. आणि केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील प्रवेश-आरक्षणाचा २००६ चा कायदा वाचा. कलम ४ आणि त्याच्या अनुसूचीने या दोन्ही संस्थांना सक्तीतून वगळले आहे. नोकरभरतीतले आरक्षण वेगळे. हा प्रश्न संशोधनाच्या प्रवेशाचा आहे. शास्त्रज्ञ घडतो तिथेच दार अरुंद! 'उत्कृष्टता' म्हणजे आपली गैरहजेरी, असे संसदेने मान्य केले की काय?

म्हणून दोन कामे. एक, ही अनुसूची रद्द करण्याची मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात आली पाहिजे. दोन, गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ आणि चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्याकडे उच्चदाब-पल्स प्रयोगशाळा मागा. छोटा मार्क्स जनरेटर (हा कार्ल नव्हे, जर्मन अभियंता एर्विन मार्क्स!) प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थीही उभारू शकतात.

'शिका' म्हणजे फक्त पदवी आणि स्पर्धा परीक्षा नव्हे. राख आपण खाल्ली. आता यंत्रही आपल्या हातांनी घडू द्या.

जयभीम!