घरच्या कॉम्प्युटरला राखणदार कोणता?

मैत्रिणींनो, वर्षाची ज्वारी भरताना आपण आधी तिला चांगलं ऊन देतो, कोठी झाडून-पुसून कोरडी करतो आणि मधे मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतो. कीड लागल्यावर निवडत बसण्यापेक्षा ती लागूच नये म्हणून आधी काळजी घ्यायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण हेच शहाणपण घरातल्या कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण वापरतो का? "ते यांचं नि मुलांचं खातं, मला त्यातलं काही कळत नाही," असं म्हणून आपण मोकळ्या होतो.

आता जरा विचार करा, त्या यंत्रात आहे तरी काय? मुलीच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रं, यांच्या कार्यालयातली कामं, बचत गटाचा जमाखर्च, आधार आणि पॅन कार्डाच्या प्रती, शेताचा सातबारा, घरातल्या लग्नकार्याचे फोटो, आणि शिवाय बँकेचे व्यवहार. म्हणजे घरातलं लोखंडी कपाटच की ते! त्याला राखणदार कोणता ठेवायचा, हे घरच्या बाईनं ठरवायला नको का? मी काही कॉम्प्युटरची बाई नव्हे. शाळेत अर्धवेळ शिकवते ते इतिहास आणि मराठी. पण भाजी पारखून घेणाऱ्या बाईला हेही पारखून घेता येतं, एवढं मी खात्रीनं सांगते.

कीड लागते कशी?

व्हायरस म्हणजे कुणीतरी मुद्दाम लिहिलेला खोडसाळ प्रोग्रॅम. काही प्रकार फायली लपवतात, काही गुपचूप पासवर्ड चोरतात, तर काही सगळ्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागतात. आपल्या धाराशिव, तुळजापूर, उमरग्यासारख्या गावांत ही कीड घरात येते ती बहुधा ओळखीच्या वाटेनं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिलेला पेनड्राइव्ह, फुकट सिनेमा उतरवून घेणं, अनोळखी मेलबरोबर आलेलं 'बिल', आणि दुरुस्तीवाल्यानं स्वस्तात घालून दिलेलं चोरीचं विंडोज, या त्या वाटा.

आमच्या गल्लीतल्या एक बाई घरी बसून टायपिंगची कामं करतात. एका दिवशी पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरांच्या जागी नुसते 'शॉर्टकट' दिसू लागले. कुणीतरी सल्ला दिला, "सगळं पुसून नव्यानं भरा." त्यात त्यांच्या वारलेल्या आईचे फोटो होते. बाई रडकुंडीला आल्या. सुदैवानं शेजारच्या कॉलेजातल्या मुलानं आधी अँटीव्हायरस लावून तपासणी केली. या जातीचा व्हायरस मूळ फायली पुसत नाही, नुसत्या लपवतो. तास-दीड तासात फोटो परत दिसले. तेव्हा लक्षात ठेवा, 'फॉरमॅट' हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

एका मराठी घरातून आलेला उपाय

या विषयात आपल्या माणसांचंही मोठं काम आहे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकट्या भावाला, संजयला, त्यांनी कॉम्प्युटरचं शिक्षण घ्यायला लावलं. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत वारंवार व्हायरस सापडू लागले. तेव्हा ते फ्लॉपीतून पसरत. संजयनं त्यावर उतारे लिहायला घेतले आणि १९९० नंतरच्या दशकात त्यातूनच 'क्विक हील' हे अँटीव्हायरस तयार झालं. २०१६ साली ही कंपनी शेअर बाजारातही आली.

आपल्या माणसांचं कौतुक जरूर असावं. पण विकत घेताना कसोटी सगळ्यांना एकच. माहेरचं दुकान असलं तरी तांदूळ आपण हातावर घेऊन बघतोच ना?

आधी घरात काय आहे ते बघा

बाजारात जाण्याआधी आपण डबे उघडून बघतो. इथंही तेच करा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' नावाचा राखणदार मुळातच असतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. स्टार्टवर जाऊन 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'पुढे हिरवी खूण असेल तर तो जागा आहे. लाल किंवा पिवळी खूण असेल तर काय राहिलं आहे ते तिथंच लिहिलेलं असतं. पूर्वी हा डिफेंडर कच्चा समजला जाई. पण गेल्या काही वर्षांत परदेशातल्या तपासणी संस्थांच्या परीक्षांत त्यानं चांगले गुण मिळवले आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे अपडेट. विंडोज १० साठीची कंपनीची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. वेगळी नोंदणी करणाऱ्यांना तेवढी वाढीव मुदत मिळाली. तेव्हा आपल्या घरी कोणतं विंडोज आहे, ते ११ वर नेता येतं का, हे विचारून घ्या. भिंतीला भगदाड असताना दारात राखणदार बसवून काय उपयोग?

याचं उदाहरण जगानं पाहिलं आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. आणि गंमत अशी, की त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती! ज्यांनी अपडेट घेतलं होतं त्यांच्या यंत्रात त्याला त्या वाटेनं शिरता आलं नाही.

विकत कुणी घ्यावं?

विंडोज नवं आहे, डिफेंडर जागा आहे, घरात एक-दोघं जपून वापरणारी आहेत, तर पैसे खर्च केलेच पाहिजेत असं मुळीच नाही. पण घरात शिकवणी, टायपिंग किंवा बचत गटाचं काम चालतं, रोज दहा जणांचे पेनड्राइव्ह लागतात, मुलं लहान आहेत आणि त्यांनी काय बघावं यावर लक्ष ठेवायचं आहे, किंवा अडचण आल्यावर फोनवर समजावून सांगणारं कुणीतरी हवं आहे, तर विकतचं घेतलेलं बरं.

घेताना सहा गोष्टी पाहा

१. परीक्षेतले गुण पाहा. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग इथली 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची 'एव्ही-कंपॅरेटिव्हज' या दोन संस्था अँटीव्हायरसची परीक्षा घेतात. व्हायरस किती पकडले, यंत्र किती मंदावलं, आणि निरुपद्रवी फायलीला उगीच चोर ठरवलं का, असे तिन्ही प्रकार त्या पाहतात. त्यांचे निकाल कुणालाही पाहता येतात. घरातल्या मुलाला सांगा, तो काढून दाखवील. आणि एकाच निकालावर जाऊ नका. वार्षिक परीक्षेत एकदा पहिला आलेला मुलगा आणि दर चाचणीत वर राहणारा मुलगा, यांत फरक असतो!

२. यंत्राची ताकद पाहा. जुन्या, कमी मेमरीच्या कॉम्प्युटरवर जड अँटीव्हायरस घातलं तर तो रांगायला लागतो. मग वैतागून मुलं तेच बंद करून टाकतात. बहुतेक कंपन्या काही दिवस मोफत वापरून पाहू देतात. तेवढ्या दिवसांत रोजची कामं करून बघा.

३. दुसऱ्या वर्षाची किंमत विचारा. पहिल्या वर्षी भरघोस सूट आणि पुढच्या वर्षी दुप्पट दाम, हा प्रकार फार चालतो. कार्डानं ऑनलाइन घेतलं तर मुदत संपताना पैसे आपोआप कापले जाणार आहेत का, तेही वाचून घ्या. किती यंत्रांसाठी आणि किती वर्षांसाठी, हे खोक्यावर बघा.

४. खोका बंद आणि पावती पक्की हवी. दुकानदार "ताई, निम्म्या किमतीत घालून देतो" म्हणाला तर नको म्हणा. तो चोरीचा नंबर असतो, आणि 'क्रॅक' म्हणून जे घालतात त्यातच पुष्कळदा व्हायरस दडलेला असतो. नोंदणी आपल्या स्वतःच्या फोन नंबरवर आणि मेलवर करा, दुकानदाराच्या नव्हे.

५. फुकटचंही पारखून घ्या. सगळंच मोफत वाईट नसतं. पण २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 'अव्हास्ट' या प्रसिद्ध कंपनीवर कारवाई केली. लोक इंटरनेटवर काय काय पाहतात याची माहिती जमवून तिनं ती विकली होती, आणि त्यापायी तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. म्हणजे राखणदारच घरातल्या गोष्टी चावडीवर सांगत होता!

६. एकच घ्या. "दोन घातली तर दुप्पट सुरक्षा" हा गैरसमज आहे. एका चुलीवर एकाच वेळी दोघी भाकरी टाकायला बसल्या तर काय होईल? दोन्ही अँटीव्हायरस एकमेकांच्याच पायात पाय घालतात आणि यंत्र अडतं. नव्या कॉम्प्युटरबरोबर थोड्या मुदतीचं एखादं आलेलं असतं. ते पुढे चालवायचं नसेल तर रीतसर काढून टाका, म्हणजे डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. मुदत संपलेलं अँटीव्हायरस नुसतं पडू देणं सगळ्यांत वाईट. राखणदार आहे असं आपल्याला वाटतं, आणि त्याला नवे चोर ओळखूच येत नाहीत.

राखणदार असला तरी

नवरात्रात आपण तुळजापूरला दर्शनाला जातो. बंदोबस्ताला पोलीस असतातच, तरी गर्दीत शिरताना आपला हात आपोआप गळ्यातल्या मंगळसूत्रावर जातो. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. आपण होऊन ओटीपी सांगितला, तर कोणतंही अँटीव्हायरस आपल्याला वाचवू शकत नाही. पडद्यावर अचानक "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं भोंग्यासकट आलं तर मुळीच फोन करू नका. खरं अँटीव्हायरस असा नंबर देऊन घाबरवत नाही. ती खिडकी बंद होत नसेल तर सरळ यंत्रच बंद करा. मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' फाइल आली तर ओळखीच्या नावानं आलेली असली तरी उघडू नका. आधी त्या घरी फोन करून विचारा.

आणि दुसरी प्रत! महत्त्वाच्या फायली आणि फोटो महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क कामाची नाही, कारण खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्या फायलींनाही कुलूप घालतो. आपण लोणच्याची एक बरणी वेगळी ठेवतो, एकीला बुरशी आली तरी दुसरी राहावी म्हणून. तसंच हे.

लागलीच कीड तर

घाबरून चार जणांचे चार सल्ले ऐकू नका. आधी इंटरनेटची वायर किंवा वायफाय बंद करा, म्हणजे कीड पसरणार नाही. मग पूर्ण तपासणी, म्हणजे 'फुल स्कॅन', चालू करा. त्याला वेळ लागतो, रात्री लावून ठेवलात तरी चालेल. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'नंही २०१७ पासून सफाईची साधनं मोफत उपलब्ध करून दिली आहेत. ती दुसऱ्या चांगल्या यंत्रावरून उतरवून घेता येतात. सफाईनंतर बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदला, तेही दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून.

खात्यातून पैसे गेले असतील तर एक मिनिटही दवडू नका. १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. लवकर कळवलं तर पुढे सरकणारे पैसे अडवता येण्याची शक्यता असते. "यांना कळलं तर रागावतील" म्हणून गप्प बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मैत्रिणींनो, चोरी झाली तर दोष चोराचा. लपवल्यानं फावतं ते त्याचंच.

या रविवारी जेवणं आटोपली की मुलांना जवळ बसवा आणि चार कामं करून घ्या. हिरवी खूण आहे का ते पाहा, अपडेट करून घ्या, विकतचं असेल तर त्याची मुदत कधी संपते ते स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा, आणि फोटोंची एक प्रत काढा. मुलं करतील, पण शेजारी बसून तुम्ही बघा आणि पुढच्या महिन्यात तेच स्वतःच्या हातानं करा.