व्यवस्था : शास्त्र की कला?

डाळ-तांदळाचे डबे कोणत्या फळीवर असावेत, हा काही मासिकातून चर्चा करण्याजोगा विषय नव्हे, असे कोणीही सुज्ञ वाचक म्हणेल. प्रस्तुत लेखकाचेही गेल्या आषाढापर्यंत तेच मत होते. परंतु डब्यांवरून निघालेले बोलणे पाहता पाहता घराच्या पायापर्यंत कसे जाऊन पोहोचते, याचा अनुभव आल्यामुळे या महिन्याचे पान त्याच विषयास देण्याचे योजिले आहे.

आमचे कुटुंब अकरा माणसांचे. गेली तीस वर्षे घराचा सारा कारभार थोरल्या वहिनींच्या हाती आहे. आषाढात त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली व तीन महिने उभ्याने काम करू नये, अशी डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली. अर्थात स्वयंपाकघराची सूत्रे सूनबाईकडे आली. सूनबाई व्यवस्थापनशास्त्राची पदवीधर असून एका कारखान्यात मालाची ने-आण व साठवण यांचे काम पाहते. स्वयंपाक होईपर्यंत आपली पावले किती पडतात, हे तिने पहिल्याच आठवड्यात मोजून पाहिले. आणि रोज लागणाऱ्या वस्तू हाताशी व क्वचित लागणाऱ्या वर, या न्यायाने सर्व मांडणी बदलली. सकाळचा जवळजवळ पाऊण तास वाचला. मला हा प्रकार इतका आवडला की, उत्साहाच्या भरात मीही एक तक्ता आखून भिंतीवर लावला. कोणी, केव्हा, कोणते काम करावे, हे त्यात लिहिले होतेच. शिवाय धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंच्या येण्याची वेळ रोज टिपावयाची, आणि उशीर झाल्यास तांबडी खूण करावयाची, अशीही योजना होती.

पहिली तक्रार चहाची आली. हिंगाची डबी चहाच्या डब्याशेजारी गेल्यामुळे चहाला हिंगाचा वास येऊ लागला. वहिनी ती डबी इतकी वर्षे खिडकीपाशी एकटी का ठेवीत होत्या, हे तेव्हा कळले. त्यावर सर्वजण हसले. पुढच्या गोष्टीवर मात्र कोणास हसू आले नाही. तीन आठवड्यांत तीन तांबड्या खुणा पडल्या. त्या कशाच्या, असे धुण्याभांड्याच्या बाईंनी विचारले, मी सांगितले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या यावयाच्या बंद झाल्या. एकोणीस वर्षांचा घरोबा तीन खुणांनी तुटला. वहिनी काठी टेकीत रिक्षाने त्यांच्या घरी गेल्या, त्यांची समजूत घालून आल्या, आणि मला एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, गुरुवारी त्या आईला दवाखान्यात नेतात, म्हणून उशीर होतो. मला ते ठाऊक होते. तुम्ही घड्याळाला विचारलेत, मला विचारले नाहीत."

त्या रात्री मी एकदम उलट्या टोकास गेलो. घर चालविणे ही कला आहे, तेथे मोजमापाचे काम नाही, असे मी प्रतिपादू लागलो. सूनबाई शांतपणे म्हणाली, "काका, पाऊण तास वाचला, हे तर खरे ना? मग दोष मोजण्याचा कसा?" प्रश्न बिनतोड होता. तेव्हा हा वाद जगात प्रथम जेथे पेटला, तेथवर मागे जाऊन पाहणे मला भाग पडले.

व्यवस्थेस शास्त्राचा दर्जा मिळावा, असा आग्रह धरणारे पहिले प्रसिद्ध पुरुष म्हणजे अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर. १८९८ साली ते बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यात आले. तेथे ९२ पौंड वजनाचे बिडाचे ठोकळे उचलून आगगाडीच्या वाघिणीत भरण्याचे काम चाले. एक मजूर दिवसाकाठी सरासरी साडेबारा टन माल भरी. केव्हा उचलावे, केव्हा विसावा घ्यावा, हे घड्याळाने ठरवून दिल्यावर तोच मजूर साडेसत्तेचाळीस टन भरू लागला आणि त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली, असे टेलर सांगत. फावड्यावर एका वेळी सुमारे २१ पौंड भार असला म्हणजे दिवसाचे काम सर्वांत अधिक होते, हेही त्यांनी प्रयोगाने ठरविले. १९११ साली त्यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याचा जगभर बोलबाला झाला. पुढे संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा ठोकळ्यांची ही हकीकत टेलर यांनी बरीच रंगवून सांगितली असल्याचे आढळले. म्हणजे शास्त्राच्या या आद्य कथेतही कलेचा अंश थोडाथोडका नव्हता!

परंतु खरी मेख पुढेच आहे. हे ओझे वाहणाऱ्या मनुष्याची बुद्धी बैलाच्या जातीची असावी लागते, अशा आशयाचे विधान टेलर यांनी त्याच ग्रंथात निःसंकोचपणे केले आहे. ज्याचे काम मोजावयाचे त्यास काही विचारावे, ही कल्पनाच त्यांच्या शास्त्रात फारशी नव्हती. त्याचे फळ त्याच वर्षी दिसले. १९११ च्या ऑगस्ट महिन्यात मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात एका साचेकाराने घड्याळासमोर काम करण्याचे नाकारले. त्यास काढून टाकताच ओतशाळेतील त्याचे सोबती काम सोडून बाहेर पडले. आम्ही आजवर सरकारची मन लावून चाकरी केली, आणि आता आमच्या पाठीशी घड्याळ घेऊन मनुष्य उभा करता, हा आमचा अपमान आहे, असा त्यांच्या अर्जाचा सूर होता. अमेरिकन काँग्रेसच्या समितीने चौकशी केली, टेलर यांची साक्ष झाली, आणि १९१५ साली लष्करी कारखान्यांतून अशा घड्याळी मोजणीसाठी पैसा खर्च करण्यास कायद्याने मनाई झाली. हे वाचताना मला माझ्या तांबड्या खुणा आठवल्या, हे निराळे सांगावयास नकोच.

याच काळात गिलब्रेथ नावाचे दांपत्य हाच प्रश्न निराळ्या बाजूने पाहत होते. फ्रँक गिलब्रेथ हे मूळचे गवंडी. वीट उचलण्यासाठी गवंड्यास दर वेळी कमरेत वाकावे लागते, हे पाहून त्यांनी उंची बदलता येईल अशी परांची तयार केली व विटा हाताच्या उंचीवर आणून ठेविल्या. एक वीट लावण्यास १८ हालचाली लागत, त्या पाचांवर आल्या. आणि तासाला १२० विटांऐवजी ३५० विटा लागू लागल्या, असा आकडा खुद्द टेलर यांनी दिला आहे. येथे मोजमाप आहेच. परंतु स्वतः विटा लावलेल्या मनुष्याने ते केलेले आहे, हे विसरता कामा नये.

त्यांच्या पत्नी लिलियन यांचा अभ्यास मानसशास्त्राचा. व्यवस्थेच्या मानसशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ १९१४ साली निघाला, तेव्हा लेखक स्त्री आहे हे वाचकांस कळू नये म्हणून नावाची केवळ आद्याक्षरेच छापली गेली. या दांपत्यास बारा अपत्ये झाली, आणि त्यांनी आपले घरच प्रयोगशाळा केले. मुलांनी दात घासले, स्नान केले, की तक्त्यावर खूण करावयाची, असा नेम असे. वेळ वाचावा म्हणून फ्रँक यांनी एकदा दोन्ही हातांत दोन वस्तरे धरून दाढी करून पाहिली. ४४ सेकंद वाचले खरे, परंतु गळ्यावरील जखमेस पट्टी बांधण्यात दोन मिनिटे गेली. आणि त्यांना दुःख झाले ते जखमेचे नव्हे, त्या दोन मिनिटांचे! ही गोष्ट त्यांच्या मुलांनीच १९४८ साली लिहून ठेविली आहे.

१९२४ साली फ्रँक अकस्मात वारले. संसाराचा भार लिलियनबाईंवर पडला. स्त्रीकडून कारखान्याचा सल्ला कोण घेणार, म्हणून जुनी गिऱ्हाइके गळू लागली. तेव्हा बाईंनी आपली विद्या स्वयंपाकघराकडे वळविली. १९२९ साली ब्रुकलिन येथील एका गॅस कंपनीसाठी त्यांनी आखलेल्या स्वयंपाकघरात एकच पक्वान्न करण्यास पूर्वी २८१ पावले पडत, ती ४५ वर आली. ओटा किती उंच असावा, याचे उत्तर त्या पट्टीला विचारीत नसत. त्यावर उभी राहणारी स्त्री किती उंच आहे, हे विचारीत. गंमत अशी की, बाई स्वतः चुलीपाशी क्वचितच उभ्या राहत. ज्ञान नसलेल्या ठिकाणी त्यांनी जाणत्या बायकांना विचारले, यातच त्यांचे मोठेपण दिसते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग वाद मिटलाच. मोजावे शास्त्राने आणि वागावे कलेने. शब्दांचा वाद एवढ्याने मिटेलही. आपल्याकडे तर हे दोन शब्द एकमेकांचे वैरी कधीच नव्हते. शास्त्र या शब्दाचा धातूच मुळी शिकविणे व शासन करणे या अर्थाचा. आणि चौसष्ट कलांच्या परंपरागत यादीत गायन-वादनाच्या पंक्तीस पाककर्म व सुतारकामही बसलेले आहे. कला म्हणजे लहर नव्हे, तर सरावाने हाती आलेले कौशल्य. वहिनींच्या हिंगाच्या डबीत शास्त्र होते. ते कोठे लिहून ठेविलेले नव्हते, इतकेच.

परंतु एक प्रश्न या दोहोंच्याही बाहेर उरतो, आणि तोच महत्त्वाचा आहे. वाचलेला वेळ कोणाचा? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासलेखिकेने १९८३ साली आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, शेगड्या, धुण्याची यंत्रे, झाडण्याची यंत्रे घरोघर आली, तरी गृहिणीचे कामाचे तास त्या मानाने उतरले नाहीत. पूर्वी लाकडे फोडणे पुरुषांकडे असे, पुष्कळशी कामे मुले व नोकर करीत. यंत्रांनी ती कामे या सर्वांच्या हातून काढली आणि उरलेले सारे एकट्या आईवर आले. शिवाय कपडे रोज धुता येतात म्हटल्यावर ते रोज धुतले पाहिजेत, असा दंडकही पडला.

आमच्या घरी याहून निराळे काय झाले? सूनबाईने वाचविलेल्या पाऊण तासाचा मी शोध घेतला, तेव्हा तो सापडला तो असा: वीस मिनिटे मुलांच्या गरम घावनांत, पंधरा मिनिटे दादांच्या अवेळी येणाऱ्या मित्रमंडळींत, आणि दहा मिनिटे माझ्या दुसऱ्या चहात! शास्त्राने वेळ वाचविला, कलेने तो सर्वांच्या सोयीने वाटला, आणि जिने वाचविला तिच्या वाट्यास त्यातील एक क्षणही आला नाही. हा हिशेब मी जेवताना वाचून दाखविला, तेव्हा वहिनी सूनबाईकडे पाहून म्हणाल्या, "माझी तीस वर्षे अशीच वाटली गेली. तुझी तरी जाऊ देऊ नकोस."

आता भिंतीवरील तक्ता बदलला आहे. धुण्याभांड्याच्या बाई गुरुवारी दहा वाजता येतात. ती वेळ त्यांनी सांगितली व आम्ही लिहिली. सकाळचा पाऊण तास सूनबाईच्या नावाने लिहिलेला असून, लग्नानंतर सुटलेला गाण्याचा रियाज तिने त्या वेळात पुन्हा धरला आहे. दुसरा चहा ज्याचा त्याने करून घ्यावा, असे ठरले. आश्विनात वहिनी हिंडूफिरू लागल्या तेव्हा कारभार कोणाकडे राहावा, याविषयी मात्र अजून एकमत झालेले नाही. तूर्त हिशेबाची वही वहिनींकडे आणि फळ्यांची मांडणी सूनबाईकडे, असा तह आहे.

वाचकांस एवढीच विनंती की, घरात कोणतीही सुधारणा करताना घड्याळ अवश्य लावावे, परंतु ते लावण्यापूर्वी ज्याचे काम त्यास विचारावे. आणि जो वेळ वाचेल त्यापुढे त्याच दिवशी कोणाचे तरी नाव लिहून ठेवावे. नाव न लिहिलेला वेळ आपल्या घरांतून नेहमी एकाच दिशेने वाहत जातो. आमच्याकडील डबे सूनबाईने लावले तसेच आहेत. हिंगाची डबी तेवढी खिडकीपाशी परत गेली आहे.